उतरलेले पाते

आमची आत्या दुपारी पोथी वाचायला बसली की तिचा डावा हात आपोआप कपाळाशी जायचा. तर्जनीच्या टोकाने ती डाव्या डोळ्याची पापणी वर उचलून धरायची आणि उजव्या हाताचे बोट ओळीवरून फिरवायची. पान उलटताना पापणी सुटायची आणि डोळा पुन्हा अर्धा मिटायचा. घरातल्या सगळ्यांनी हे दोन-अडीच वर्षे पाहिले. मोतीबिंदू काढून झाला होता, चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता, आणि "पंचाहत्तरी उलटली, आता चालायचंच," असे ती स्वतःच म्हणायची. संध्याकाळी कपाळ ठणकायचे म्हणून बाम चोळायची. मेणावर कुंकू लावायची तिची जुनी सवय. पण कपाळावर चार आडव्या आठ्या कायमच्या बसल्या होत्या, आणि दिवस कलेपर्यंत कुंकवाची कड त्या आठ्यांत शिरून दोन्ही बाजूंना पसरलेली असायची.

ठणकणारे कपाळ, आठ्या, सतत वर उचललेली हनुवटी आणि पापणीखालचे ते बोट, या सगळ्यांचे मूळ एकच होते. डोळा आतून ठणठणीत होता. पापणी वर ओढून धरणारा एक पातळ पापुद्रा आपल्या जागेवरून काही मिलिमीटर मागे सरकला होता. म्हातारपणी अनेकांचा तो सरकतो, आणि बहुतेकदा तो परत जागेवर बसवता येतो. हे आम्हाला इतक्या उशिरा कळले, म्हणून हा लेख.

मराठीत 'पापणी' म्हटले की कधी डोळ्यावरचे झाकण समजायचे, कधी त्याच्या कडेचे केस. झाकणाला आपल्याकडे नेमका शब्द आहे तो 'पाते'. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, असे आपण म्हणतो तेव्हा या झाकणाचीच हालचाल मोजत असतो. जागेपणी माणसाचे पाते मिनिटाला सुमारे पंधरा वेळा लवते. सोळा तासांचा दिवस धरला तर दिवसाला चौदा हजारांहून जास्त वेळा, आणि सत्तर वर्षांचा हिशेब केला तर तो आकडा पस्तीस कोटींच्या पुढे जातो. 

हा पडदा बांधला आहे कसा? पात्याची कातडी अंगावरच्या कातडीत सर्वांत पातळ, एक मिलिमीटरपेक्षा खूपच कमी जाडीची, आणि तिच्याखाली चरबीचा थर जवळपास नाहीच. म्हणून रात्रीचे जागरण सर्वांत आधी पापण्यांवर दिसते. कातडीखाली डोळ्याभोवती कड्यासारखा फिरलेला स्नायू असतो, तो पाते मिटतो. त्याच्या मागे पात्याला आकार देणारी कडक, लवचीक पट्टी असते. वरच्या पात्यात ती मध्यावर सुमारे १० मि.मी. उंच आणि जेमतेम १ मि.मी. जाड असते. या पट्टीत पंचवीस-तीस उभ्या ग्रंथी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. त्यांतून झिरपणारे तेल अश्रूंवर साय धरते, म्हणून अश्रू लवकर सुकत नाहीत. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि आजही त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात.

पाते उचलणारा मुख्य स्नायू, लेव्हेटर, खूप मागून येतो. खोबणीच्या तळाशी, जिथून डोळ्याची नस मेंदूकडे जाते त्याच्या जवळ, तो सुरू होतो आणि डोळ्याच्या वरून पुढे येतो. पुढे आल्यावर तो मांसल राहत नाही. त्याचा पांढरट, रेशमी, पंख्यासारखा पसरलेला पापुद्रा होतो आणि तो त्या पट्टीवर येऊन चिकटतो. चिकाच्या पडद्याला दोरी असते तशी ही पात्याची दोरी. तिच्या मागे आणखी एक छोटा स्नायू असतो, म्युलरचा. तो आपल्या इच्छेने हलत नाही, पण दचकलो की पाते दोनेक मिलिमीटर जास्त वर खेचतो. भ्यालेल्या माणसाचे डोळे विस्फारतात, त्यामागे याचाही हात असतो.

पस्तीस कोटी वेळा ओढलेली दोरी सैल होणारच. पापुद्रा ताणतो, विरतो किंवा पट्टीवरून सुटून मागे सरकतो. डोळे चोळण्याची सवय, वर्षानुवर्षे कॉन्टॅक्ट लेन्स काढणे-घालणे, यांनी ते लवकर होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या धरून ठेवतात. आधीच विरलेला पापुद्रा त्यानंतर सुटू शकतो. मग घरात कुजबुज सुरू होते की ऑपरेशन बिघडले. भिंग आत व्यवस्थित बसलेले असते, समोर पडदा मात्र उतरलेला असतो.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा, कारण उपचार त्यावर ठरतो. म्हातारपणी पाते दोन तऱ्हांनी उतरते. एका तऱ्हेत पात्याची कड जागेवर असते, पण वरची कातडी सैल होऊन झालरीसारखी कडेवर लोंबते, बाहेरच्या कोपऱ्यात जास्त. अशा माणसाला बाजूने येणारे वाहन उशिरा दिसते, पापण्यांचे केस कातडीच्या ओझ्याने खाली वळतात, घडीत घाम साचून खाज सुटते. दुसऱ्या तऱ्हेत कातडी बेताचीच असते आणि पात्याची कडच खाली येते. हा खरा टोसिस. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ पडणे. त्याची खूण अशी की पात्यावरची घडी नेहमीपेक्षा वर जाते आणि भुवईखाली खळगा दिसतो. दोन्ही तऱ्हा एकाच डोळ्यात असू शकतात. आत्याच्या होत्या. शिवाय भुवई स्वतःच खाली उतरलेली असेल तर ती तिसरी गोष्ट, आणि तिच्याकडे न बघता नुसती कातडी कापली तर भुवई आणखी खाली ओढली जाते.

दोरी सरकलेल्या डोळ्याची एक गंमत आहे, म्हणजे सोसणाऱ्याला ती गंमत नाहीच. नजर खाली वळली की हे पाते आणखी खाली येते. समोर बघताना अर्धा उघडा असलेला डोळा पोथी वाचताना, तांदूळ निवडताना, सुईत दोरा ओवताना जवळजवळ झाकला जातो. जन्मतः पाते पडलेल्या मुलांमध्ये याच्या उलट घडते: त्यांचा स्नायूच ताठर असतो, म्हणून खाली बघताना ते पाते नीट खाली येत नाही. डॉक्टर म्हणूनच आधी वर-खाली बघायला लावतात. डॉक्टरांकडे गेलो त्या दिवशी आत्याने फक्त इतकेच विचारले होते, "वाचतानाच का हो त्रास होतो? टीव्ही दिसतो मला." त्या प्रश्नातच निदान होते.

मोजमाप साधे आहे. डोळ्यासमोर बारीक विजेरी धरली की बुबुळाच्या मध्यावर तिचा ठिपका चमकतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पात्याच्या कडेपर्यंतचे अंतर साधारण ४ ते ५ मि.मी. असते. ते २ मि.मी. किंवा त्याहून कमी झाले की वरच्या बाजूचे दिसणे आक्रसते. मग भुवई अंगठ्याने दाबून धरतात, म्हणजे कपाळाची मदत बंद, आणि आधी पूर्ण खाली, मग पूर्ण वर बघायला सांगतात. कड किती सरकली ते पट्टीने मोजतात. १२ मि.मी.च्या पुढे सरकली तर उचलणारा स्नायू दणकट आहे. वयोमानाने दोरी सुटलेल्यांचा तो बहुधा दणकटच असतो, म्हणून त्यांच्या ऑपरेशनचा गुण चांगला येतो.

तपासणीच्या खोलीत मला सर्वांत नवल वाटले ते पुढे. डॉक्टरांनी आत्याची डावी पापणी बोटाने वर उचलली आणि मला म्हणाले, "आता उजवीकडे बघा." आतापर्यंत बरी वाटणारी उजवी पापणी आमच्या डोळ्यांदेखत खाली आली. एवाल्ड हेरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलेला नियम आहे: दोन्ही डोळ्यांच्या जोडीच्या स्नायूंना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो. डावे पाते पडले म्हणून मेंदू जास्त जोराचा हुकूम सोडत होता, आणि त्या जोरावर उजवेही तरून होते. डावे उचलले गेले, जोर ओसरला, उजव्याचे खरे रूप दिसले. एकाच डोळ्याचे ऑपरेशन केले असते तर महिन्याभराने दुसरा घेऊन यावे लागले असते. पोथी वाचताना दोन-अडीच वर्षे हेच होत होते. एक पापणी बोटाने उचलायची आणि तेवढ्यात दुसरी उतरायची.

सगळीच पडलेली पाती मात्र वयाची नसतात. एका दिवसात पाते पडले, सोबत एकाचे दोन दिसू लागले, बाहुली मोठी झाली आणि डोके असह्य दुखू लागले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा डोळा हलवणाऱ्या नसेवर दाबत असू शकतो. पाते थोडे पडले आणि त्या बाजूची बाहुली लहान झाली, तर मानेतल्या रक्तवाहिनीपासून फुप्फुसाच्या टोकापर्यंत तपास करावा लागतो. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडलेले पाते मायस्थेनिया या आजाराचे असू शकते. त्याची एक चाचणी घरगुती वाटावी इतकी सोपी आहे: मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ धरायचा. त्यानंतर पाते दोनेक मिलिमीटर वर आले तर संशय बळावतो, कारण थंडाव्यात थकलेल्या स्नायूला नसेचा निरोप जास्त चांगला पोचतो. हे सगळे तपासल्याशिवाय कुणी थेट कातडी कापायला निघाले तर तिथून उठावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑपरेशनच्या आधीचे दोन प्रश्न महत्त्वाचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचे. आणि डोळे कोरडे पडतात का? पाते वर गेले की डोळ्याचा जास्त भाग हवेला उघडा पडतो आणि कोरडेपणा वाढतो. मग दिसण्याच्या कक्षेची चाचणी दोनदा करतात, एकदा पापण्या आहेत तशा ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर चिकटवून. दोन आलेखांतली तफावत पाहिली की 'हौसेचे ऑपरेशन' हा शब्द गळून पडतो. विमा कंपन्या सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळतात, तेव्हा कागदपत्रांतही या तफावतीला किंमत असते.

खुणा रुग्णाला बसवून करतात. आडवे झाल्यावर कातडी कानाकडे ओघळते आणि माप चुकते. घडीची रेघ पात्याच्या कडेपासून साधारण ८ ते १० मि.मी.वर काढतात, आणि किती कातडी काढायची यापेक्षा किती ठेवायची ते आधी बघतात. भुवई आणि पापणीचे केस यांच्यामध्ये किमान २० मि.मी. कातडी उरलीच पाहिजे, नाहीतर डोळा मिटणार नाही. त्या जागेपुरतीच भूल देतात. तीत रक्तस्राव कमी राहावा म्हणून ॲड्रिनलिन असते. त्याचा असर यायला सात-दहा मिनिटे थांबावे लागते.

मग रेघेवरून छेद. कातडीची चिंचोळी फाक निघते. खालचा पातळ पडदा उघडला की चरबी आपोआप पुढे येते, मधली पिवळी, नाकाकडची फिकट पांढुरकी. बाहेरच्या कोपऱ्यातही एक गुलाबीसर गोळा दिसतो आणि नवशिक्याला तीही चरबी वाटते. ती अश्रूंची ग्रंथी असते. तिला धक्का लागता कामा नये. पिवळी चरबी हळूच वर सारली की तिच्या मागेच तो रेशमी पापुद्रा दिसतो, काठ मागे सरकलेला. तो पुढे आणून पट्टीवर केसाएवढ्या धाग्याने टाके घालतात. पुढचा क्षण मला पुन्हा पुन्हा आठवतो, जरी तो मी दाराबाहेर उभा राहून फक्त ऐकला: "आजी, आता उठून बसा. समोर बघा. माझ्याकडे बघा." ऑपरेशन अर्धे झालेले, रुग्ण टेबलावर बसलेला, आणि डॉक्टर दोन्ही पात्यांची उंची जुळते का ते पाहतात. ॲड्रिनलिनने म्युलरचा स्नायू तात्पुरता आवळलेला असतो, म्हणून पाते आत्ता खऱ्यापेक्षा किंचित वर दिसते. तेवढी सूट धरावी लागते. अर्ध्या मिलिमीटरसाठी टाका सोडून पुन्हा घालतात. दोन्ही डोळ्यांना मिळून तासाभराच्या मागे-पुढे वेळ लागतो.

पाते थोडेच पडलेले असेल तर बाहेर छेद न देता पापणी उलटी करून मागच्या बाजूने म्युलरचा स्नायू आखूड करता येतो. त्यासाठी आधी फेनिलेफ्रिनचा थेंब टाकून पाते वर येते का ते बघतात. पुटरमन आणि युरिस्ट यांनी ही रीत १९७५ मध्ये मांडली, आणि सुटलेला पापुद्रा पुन्हा पट्टीला टाचण्याची आजची रीतही त्याच वर्षी जोन्स, क्विकर्ट आणि वोबिग यांनी मांडली. स्नायू फारच दुबळा असेल तर पाते सिलिकॉनच्या दोरीने कपाळाच्या स्नायूला टांगतात. अमेरिकेत २०२० पासून ऑक्सिमेटाझोलिनचे थेंबही मान्य झाले आहेत, पण त्यांनी पाते काही तासांपुरतेच वर राहते.

ही कला किती जुनी आहे याचा विचार केला की मन थक्क होते. सुश्रुताने डोळ्यांचे ७६ रोग मोजले आणि त्यांतले २१ एकट्या पात्याचे सांगितले. केस आत वळून डोळ्याला टोचतात त्या पक्ष्मकोपावर त्याने सांगितलेला छेद आजच्या छेदाशेजारी ठेवून पाहावा. भुवई आणि केस यांच्यामधल्या जागेचे भाग कल्पून, भुवईखालचे दोन आणि केसांजवळचा एक भाग सोडून, मधून जवाच्या दाण्याच्या आकाराची कातडी आडवी काढायची आणि केसाने शिवायची. रोग वेगळा, हेतू वेगळा. पण वर आणि खाली कातडी राखून ठेवण्याची ती काळजी तीच. रोममध्ये पहिल्या शतकात सेल्सस याने सैल पापणीची कातडी कापण्याचे वर्णन लिहिले. बगदादचा नेत्रवैद्य अली इब्न ईसा जादा कातडी दोन काड्यांच्या चिमटीत आवळून बांधायला सांगतो. काही दिवसांत ती सुकून गळून पडे.

आणि या कलेच्या आजच्या नावाची वाट तर आपल्या पुण्यावरून जाते. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेत बैल हाकत होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. त्या कारागिराचे नाव कुणी लिहून ठेवले नाही, याची मला आजही हळहळ वाटते. कावसजीच्या चित्रासह हा वृत्तांत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आला. तो वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. बर्लिनच्या कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे याने तोच धागा पुढे नेत १८१८ मध्ये नाकाच्या शस्त्रक्रियेवरचा ग्रंथ काढला, आणि पापणी नव्याने घडवण्याला 'ब्लेफरोप्लास्टी' हे नावही त्याच वर्षी त्याने दिले. आधुनिक नेत्रवैद्यकाचा पाया घालणारा अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे हा त्याचाच मुलगा.

ऑपरेशननंतरचे पहिले चार दिवस बघवत नाहीत. पापण्या सुजून वांग्यासारख्या होतात आणि निळे-काळे रक्त गालापर्यंत उतरते. डोके उशीवर उंच ठेवायचे, थंड पट्ट्या ठेवायच्या, मलम लावायचे, वाकायचे नाही, जड उचलायचे नाही. एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी: डोळा पुढे येतोय, दुखणे वाढत चाललेय, दिसणे अंधुक होतेय, असे काही झाले तर मध्यरात्रीही दवाखान्यात जायचे. डोळ्यामागे रक्त साचत असू शकते. असे फार क्वचित होते, पण ते साचलेले रक्त लगेच मोकळे करावे लागते, नाहीतर नजर जाते. काहींना थोडे आठवडे झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही, मग रात्री मलम लागते. कधी दोन पाती तंतोतंत जुळत नाहीत आणि टाका पुन्हा घ्यावा लागतो. हे आधी सांगणारा डॉक्टर चांगला.

टाके सहाव्या दिवशी निघाले. आत्याने त्या दुपारी पोथी मांडीवर घेतली तेव्हा डावा हात सवयीने वर गेला, पापणीपाशी थांबला आणि परत खाली येऊन पानावर टेकला. भुवया खाली यायला मात्र वेळ लागला. इतकी वर्षे पाते उचलून धरणारे कपाळ एकदम काम सोडत नाही. मेंदूला पटावे लागते की आता गरज उरली नाही. महिनाभरात बामाची बाटली फडताळात मागे गेली. हनुवटी सरळ झाली. आणि एके संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना आत्या वळली, तेव्हा कुंकू सकाळी लावले तसेच होते, कडेने वाटोळे.